स्वामित्वहक्क: लाभ कोणाचा?



लेखकाच्या श्रमाचे मोल लेखकास मिळावे, हा स्वामित्वहक्क कायद्याचा घोषित हेतू. १९५७ च्या भारतीय कायद्यान्वये हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षे टिकतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. १९४१ साली दिवंगत झालेल्या रवींद्रनाथांचे साहित्य मुक्त होण्याच्या सुमारास, १९९२ साली, ती वाढविण्यात आली. या वाढीव दशकाचा लाभ कवीला होणे शक्य नव्हते. तो झाला हक्कधारक विश्वभारतीला.

हक्क जन्मतो लेखकाच्या नावे. करारावरील एका सहीने तो परहस्ती जातो. २०१२ साली तीन आंतरराष्ट्रीय प्रकाशनसंस्थांनी दिल्ली विद्यापीठ आणि त्याच्या आवारातील एका झेरॉक्स दुकानाविरुद्ध दावा दाखल केला. अभ्यासक्रमातील ग्रंथांचे उतारे एकत्र करून विद्यार्थ्यांना स्वस्तात दिले जात, ही तक्रार होती. मात्र अमर्त्य सेन यांच्यासह अनेक अभ्यासकांनी या दाव्याविषयी नापसंती व्यक्त केली. ज्यांचे लेखन त्या संचांत होते, असे लेखकही त्यांत होते. ज्यांच्या नावे दाद मागितली जात होती, तेच विद्यार्थ्यांच्या बाजूस उभे राहिले. २०१६ साली उच्च न्यायालयाने अध्यापनाच्या गरजेपुरत्या प्रती कायदेशीर ठरविल्या. २०१७ साली दावा मागे घेण्यात आला.

म्हणून कायदाच निरुपयोगी, असे मानणे अन्यायाचे होईल. हक्क सोपविताना करारात मुदत नमूद नसेल, तर ती ५ वर्षेच धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीनुसार चित्रपटगीतांचे कवी आणि संगीतकार यांना चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या मानधनातील आपला समान वाटा निर्मात्याला लिहून देता येत नाही. दुर्बल पक्षाची बाजू कायदा घेतो, ती अशा ठिकाणी.

शाळाही त्याच्या लाभार्थी आहेत. शिक्षक-विद्यार्थ्यांनी शाळेच्या उपक्रमात सादर केलेले नाटक केवळ शाळेशी संबंधित मंडळी व पालक यांच्यापुरते असेल, तर हक्कभंग होत नाही. महाराष्ट्राबाहेर मराठी रंगमंच जिवंत ठेवणाऱ्या शाळांना ही सवलत मोलाची आहे.

तात्पर्य, लाभ बहुधा त्याला होतो, ज्याच्या हाती करार असतो. या शाळांतून उद्याचे लेखक, कवी, संगीतकार घडतील. त्यांना शुद्धलेखनाबरोबर करार वाचण्याचेही शिक्षण मिळावे, एवढीच हीरक महोत्सवानिमित्त अपेक्षा.