युरोपात रेल्वेचं तिकीट स्वस्तात कसं काढायचं?

रायपूरहून पुण्याला जायचं तर आझाद हिंदचं तिकीट आपण ६० दिवस आधी काढतो, ते बर्थसाठी. तत्काळ सोडलं तर भाडं तेच राहतं. बिलासपूर राजधानीत मात्र जागा भरतात तसं भाडं चढतं. व्हिएन्ना-बुडापेस्टसारख्या युरोपातल्या बऱ्याच लांबच्या गाड्यांचा हिशेबही असाच. म्हणजे तिथं लवकर काढलं तर पैसे वाचतात.

पण स्वस्त तिकीट बहुधा त्याच गाडीला बांधलेलं असतं. गाडी चुकली की तिकीट गेलं, आणि रद्द केलं तर बहुधा पैसेही परत नाहीत. म्हणून शेंगेन व्हिसा हातात आल्याशिवाय असं तिकीट काढू नका.

दुसरं, साल्झबर्गहून लिंझला गाडी बदलून प्रागला जायचं असेल, तर शक्यतो पूर्ण प्रवासाचं एकच तिकीट घ्या. पहिल्या गाडीला उशीर होऊन पुढची चुकली, तर पोचवण्याची जबाबदारी रेल्वेची. दोन सुटी तिकिटं कधी स्वस्त दिसतात, पण चुकलेल्या गाडीचा भुर्दंड आपल्याच माथी.

विमानातून उतरल्यावर लगेचची गाडी असेल, तर चार पैसे जास्त देऊन कुठल्याही गाडीला चालणारं तिकीट घ्या. आईबाबा सोबत असतील तर नक्कीच.