वीजवाहिनीच्या छायेतील घर
(ग्रामपंचायत पदाधिकारी, अधिकारी व शिक्षक यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



शहराच्या वेशीवरील गावांत आज शेतांचे गुंठे पडत आहेत. रस्त्यालगतचा प्लॉट परवडत नाही, तेव्हा दलाल शिवारातील असा एक तुकडा दाखवितो, की ज्याचा भाव शेजारच्या तुकड्यापेक्षा बराच उतरलेला असतो. मान वर केली की या स्वस्ताईचे कारण दिसते. डोक्यावरून उच्च दाबाच्या तारा गेलेल्या असतात. घेणाऱ्याने विचारलेच तर ठरलेले उत्तर मिळते : "पुढच्या वर्षी लाईन हलणार आहे."

हे उत्तर देणाऱ्याच्या हाती वाहिनी हलविणे नसते. मुळात २२० केव्हीची वाहिनी म्हणजे गल्लीतील खांब नव्हे. ती हलवावयाची तर पर्यायी मार्ग हवा, नव्या मनोऱ्यांना जागा हवी, आणि सामान्यतः हा सारा खर्च मागणी करणाऱ्यासच सोसावा लागतो. तेव्हा वाहिनी आहे तेथेच राहणार, असे धरूनच व्यवहाराचा विचार करावयास हवा.

प्रथम कागदांविषयी. सातबारा निर्मळ आहे, म्हणजे जमीन निर्वेध आहे, असा आपल्याकडे समज आहे. वीजवाहिन्यांच्या बाबतीत तो फसवा ठरतो. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १६४ अन्वये पारेषण संस्थांस वाहिनी उभारण्याचे अधिकार देता येतात. परंतु तारांखालील जमीन सहसा संपादित केली जात नाही. मालकी शेतकऱ्याचीच राहते आणि त्यास नुकसानभरपाई दिली जाते. त्यामुळे उताऱ्यावर वाहिनीची खूणही नसण्याचा संभव असतो. ती खूण जागेवर आहे, मनोऱ्यावर आहे.

वाहिनीच्या दोन्ही बाजूंस मिळून एक पट्टा राखून ठेवलेला असतो. त्याची रुंदी १३२ केव्हीसाठी २७ मीटर, २२० केव्हीसाठी ३५ मीटर व ४०० केव्हीसाठी ४६ मीटर धरतात. एक गुंठ्याचा चौरस प्लॉट साधारण १० मीटर लांबरुंद असतो. म्हणजे २२० केव्हीच्या पट्ट्यात असे तीन प्लॉट एकास एक लागून मावतात, आणि त्या तिन्हींवर घर उभे राहू नये अशी ती जागा असते. तेथे भाजीपाला करावा, वैरण पिकवावी. घराचा पाया खणू नये.

इमारत आणि तार यांत किती अंतर हवे, हे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांत सांगितले आहे. २२० केव्हीसाठी उभे अंतर ५.५ मीटर व आडवे ३.८ मीटर, ४०० केव्हीसाठी अनुक्रमे ७.३ व ५.६ मीटर. येथे एक मेख आहे. हे उभे अंतर तार जास्तीत जास्त झुकलेली असताना, आणि आडवे अंतर ती वाऱ्याने जास्तीत जास्त झुकली असताना मोजावयाचे असते. दलाल प्लॉट दाखवितो तो बहुधा हिवाळ्याच्या रम्य सकाळी. चैत्र-वैशाखात, ऊन आणि विजेचा भार दोन्ही चढलेले असताना, तार तापून लांबते व दोन मनोऱ्यांच्या मध्यभागी बरीच खाली येते. म्हणून सकाळी डोळ्यांनी घेतलेला अंदाज मोजमाप म्हणून धरता येत नाही. प्लॉट मनोऱ्यालगत आहे की दोन मनोऱ्यांच्या मध्ये, हेही म्हणूनच पाहावे. मनोऱ्यापाशी तार उंच असते आणि मध्ये ती सर्वांत खाली असते.

याहून गंभीर गोष्ट अशी की, ही अंतरे पुऱ्या झालेल्या इमारतीसाठी आहेत. घर बांधताना काय होते? बाजारात सळई येते ती बारा मीटरची, म्हणजे चाळीस फुटांची. स्लॅबवर उभा असलेला कामगार ती खालून वर घेतो, उभी करतो, वळवितो. नियमाचे ३.८ मीटर त्या एका सळईच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेही नाहीत. शिवाय उच्च दाबाच्या तारेला स्पर्शच व्हावा लागतो, असे नाही. पुरेसे जवळ गेल्यास वीज मधली हवा भेदून झेप घेते. घर घेणारा मनुष्य वाहिनीपासून आपल्या कुटुंबास धोका आहे काय, एवढेच विचारतो. पहिला धोका मात्र परगावाहून आलेल्या त्या रोजंदारी कामगारास असतो, आणि त्यास कोणी विचारलेले नसते. पुढे गच्चीवर टाकीचा नळ उभा राहतो, मुले पतंग उडवितात, आणि पाडव्याला गुढीचा वेळू चढतो तो नेमका तारा खाली आलेल्या दिवसांत.

आता आरोग्याविषयी, कारण प्रश्न बहुधा तेथूनच सुरू होतो. अमेरिकेतील डेन्व्हर येथे नॅन्सी वर्थायमर व एड लीपर यांनी १९७९ साली वीजतारांची जवळीक व बालकांमधील कर्करोग यांचा संबंध प्रथम मांडला. पुढे अनेक देशांत पाहण्या झाल्या. घरातील चुंबकीय क्षेत्र सरासरीने ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्लाहून अधिक असलेल्या मुलांत रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळते, असे एकत्रित अभ्यासांत दिसले. मात्र हा रोग मुळात विरळ, अशी घरेही थोडी, आणि क्षेत्रामुळेच रोग होतो हे सिद्ध झालेले नाही. यास्तव आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये या क्षेत्राची गणना 'कदाचित कर्ककारक' या वर्गात केली. अल्पकालीन परिणामांसाठी २०१० साली सुचविलेली आंतरराष्ट्रीय मर्यादा २०० मायक्रोटेस्ला आहे. वाहिनीखाली ती सहसा ओलांडली जात नाही. भिंती विद्युतक्षेत्र बरेच अडवितात, चुंबकीय क्षेत्र अडवीत नाहीत. परंतु अंतराने ते झपाट्याने घटते. अंतर दुप्पट केले की ते साधारण चौथाईवर येते. माझे मत असे की, वाहिनीपासून शंभरेक मीटरवर असलेले चांगले घर केवळ या भीतीपोटी सोडू नये, आणि पट्ट्यातील घर केवळ किरणांचे भय खोटे ठरले म्हणून घेऊ नये.

ग्रामपंचायतीचा यात मोठा भाग आहे. पट्ट्यात घर उभे राहते, करआकारणीसाठी नमुना ८ मध्ये त्याची नोंद होते, आणि पुढचा विक्रेता तोच उतारा दाखवून सांगतो, "पंचायतीने मान्य केले आहे." ती नोंद मालकीचा पुरावा नाही, सुरक्षिततेचा तर नाहीच, पण साध्या माणसास हे कोण सांगणार? वाहिनीजवळ बांधकाम करू इच्छिणाऱ्याने वीजसंस्थेस व विद्युत निरीक्षकास आराखड्यासह लेखी कळविणे आवश्यक आहे. परवानगीचा अर्ज येईल तेव्हाच हे पत्र मागावे. आपल्या शिवारातून जाणाऱ्या वाहिन्या गावनकाशावर तांबड्या शाईने काढून तो नकाशा पंचायतीच्या भिंतीवर लावण्यास कोणताही शासन निर्णय लागत नाही. शाळेतील वरच्या वर्गातील मुले हे काम शिक्षकांसमवेत दूरवरूनच, मनोऱ्यांजवळ न जाता, करू शकतील.

मघाशी एका सदस्यांनी विचारले की, जे लोक आधीच तारांखाली राहतात त्यांनी काय करावे? त्यांनी वर मजला चढवू नये. पत्र्याचे छप्पर व तारेचे कुंपण यांस योग्य भूमिजोडणी करून घ्यावी, कारण अशा धातूत प्रवर्तनाने विद्युतभार येतो व हात लागल्यास झटका बसतो. गच्चीवर वेळू, शिडी वा लोखंडी नळ उभा करू नये. आणि जवळच्या मनोऱ्यावरील धोक्याच्या पाटीवरचा दाब व मनोऱ्याचा क्रमांक लिहून घेऊन, त्या क्रमांकासह वाहिनीच्या कार्यालयाकडे अंतर मोजून देण्याची लेखी मागणी करावी. अर्ज पंचायतीमार्फत गेल्यास त्याची पोच आवकजावक नोंदवहीत राहील.