थापटून घेतलेले शब्द

धाराशिवात बसून तुला गोष्टी सुचतात कुठून, असं बरेच जण विचारतात. आज त्यावरच बोलतो. थोडं विस्कळीत होईल, सांभाळून घ्या.

आम्ही तिघं मित्र एक ऑडिओ मालिका लिहितोय. सतराव्या शतकातला नळदुर्ग, आणि किल्ल्याचं पाणी सांभाळणाऱ्या घरातली एक मुलगी. पोस्टरसाठी एआयला जुन्या मराठी किल्ल्याचं चित्र मागितलं, तर त्यानं गुलाबी घुमट, झरोके आणि मागं वाळू दिली. वाळू! आपल्याकडं काळा दगड आणि बोरी नदी. त्याचाही दोष नाही म्हणा. त्याला जे दाखवलं तेच तो दाखवणार. आपण नळदुर्ग कुणाला दाखवलाय?

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बोरी नदीवर दगडी बंधारा आहे, नळदुर्ग आणि शेजारचा रणमंडळ यांना जोडणारा. 1613 मधलं काम, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं. ह्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात पाणी वरून उसळून खाली पडतं, तुम्ही आत खिडकीशी उभे असता आणि समोर पाण्याचा पडदा. तुम्ही कोरडे! ज्या दोन वाटांनी पाणी कोसळतं त्यांना लोक नर आणि मादी म्हणतात. आता ह्याच्यापुढं आम्ही वेगळं काय सुचवायचं? आमच्या मालिकेचा पहिला प्रसंग त्या खिडकीतच घडतो, कारण तिथं मोठ्यानं बोललेलंही शेजारच्याला धड ऐकू जात नाही. गुपित सांगायला ह्याहून चांगली जागा नाही.

मग शब्दांवर अडलो. ऑडिओमध्ये चित्र नसतं, सगळं शब्दावर उभं राहतं. 'मोठ्या दरवाजातला छोटा दरवाजा' हे पात्राच्या तोंडी सहा वेळा आलं की ऐकणारा पुढं सरकवणार. त्याला 'दिंडी' म्हणतात. पहारेकऱ्यांची बसायची जागा म्हणजे देवडी. तटाच्या माथ्यावरचे दगडी दाते म्हणजे चर्या, बंदूक रोखायची भोकं म्हणजे जंग्या. एकेका शब्दानं एक वाक्य वाचतं. आम्ही कोड लिहिणारे, आम्हाला हे लगेच पटतं: नाव नीट ठेवलं की निम्मं काम होतं.

पण जुना शब्द सापडला की घुसव, असंही नको. काही मालिकांत सगळेच दरबारात उभं राहिल्यासारखे बोलतात, स्वयंपाकघरातसुद्धा. पाणी भरणारी मुलगी आईला 'माते' म्हणेल का? ती 'आये' म्हणेल.

आपल्या भागावर ऐतिहासिक कादंबरी आधीच आहे, हे किती जणांना माहितीय? फिलिप मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी 1853 पासून काही वर्षं नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार बघत होता. त्याची 'तारा' 1863 मध्ये आली. नायिका तुळजापूरची, काळ शिवाजी महाराज आणि अफजलखानाचा, आणि ताराची गोष्ट जुळते थेट खानाच्या मुलाशी. आज कुणी लिहिली असती तर काय झालं असतं, ते सोडा. नजर साहेबाचीच आहे, भाषा जड आहे. पण हा माणूस ह्या रस्त्यांवरून फिरलेला होता. मला जरा झोंबतं ते एवढंच, की आपल्या घाटाची गोष्ट त्यानं लंडनच्या वाचकाला सांगितली, आणि तुळजापूरच्या पोरांना ती कुणी सांगितलीच नाही.

आता तेर. रोमन व्यापाराच्या काळातलं तगर ते हेच. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात त्याचं नाव आहे, इथलं कापड गाड्यांतून भडोचला जायचं. लामतुरे संग्रहालयात तिथली हस्तिदंती बाई आहे, तळहाताएवढी. तिच्याच घडणीची एक मूर्ती 1938 मध्ये इटलीत पाँपेईला सापडली. त्या बाईचे दागिने बघत बसा, एका पात्राचा आख्खा पोशाख मिळतो.

आणि तेर म्हणजे गोरोबाकाका. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनी थापटणं घेऊन एकेका संताचं डोकं ठोकून पाहिलं आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ती गोष्ट घरोघरी आहे. आमच्या ग्रुपवर आता संवाद तपासायला 'टेस्टिंग' म्हणत नाही. 'थापटून घे' म्हणतो. निम्मे कच्चेच निघतात.

सध्या अडलंय ते मोटेवर. चौथ्या भागात मोट चालते. नाडा, सोंदूर, धाव, थारोळं एवढं जमवलंय. पण बैल मागं सरताना मोटकरी काय हाळी द्यायचा, रिकामी मोट पाण्यावर आपटताना कसा आवाज यायचा, हे कोशात मिळत नाही. ज्यांनी स्वतः मोट हाकली ते आज सत्तरी-ऐंशीच्या पुढं आहेत. तुमच्या घरात असं कुणी असेल तर फोन त्यांच्यासमोर धरा आणि बोलू द्या. मध्ये दुरुस्त करू नका. गावाचं नाव सांगा, व्हॉईस नोट पाठवा. चौथा भाग आम्ही तोवर थांबवलाय.