काटकसर उजेडाची की अंधाराची?
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



काटकसर हा सद्गुण खरा. परंतु विवेक सुटला की त्याचाच दोष होतो. हा धडा मी मास्तर असूनही निवृत्तीनंतर शिकलो.

आपल्या मंडळाचे कार्यालय तळमजल्यावर आहे. समोरच उंच इमारत असल्याने भर दुपारीही खिडकीलगतच्या टेबलापलीकडे उजेड पोहोचत नाही. वीजबिल वाढले म्हणून चिटणीस या नात्याने मी दहांपैकी पाच ट्यूबा काढविल्या. बिल उतरले व मी संतोष पावलो. पुढे शिष्यवृत्तीच्या यादीत एका मुलीचे ६९ टक्के गुण ६१ असे उतरले आणि तिचे नाव गळाले. चूक सभेपूर्वी उमगली हे आपले सुदैव. वृद्ध कारकुनांनी मान खाली घातली. वस्तुतः ती मी घालावयास हवी होती.

लेखनवाचनाच्या टेबलावर ३०० ते ५०० लक्स उजेड असावा, असा कार्यालयांसाठी सर्वमान्य दंडक आहे. लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप होय. ये-जा करण्याच्या वाटेस १०० लक्स पुरतात. तेव्हा बचत टेबलावर नव्हे, अन्यत्र शोधावी.

जुनी ४० वॉटची ट्यूब चोकसह सुमारे ५० वॉट वीज घेते. अशा दहा ट्यूबा दहा तास जळल्या की ५ युनिटे खर्च होतात. २० वॉटच्या दहा एलईडी ट्यूबांस २ युनिटे पुरतात. खिडकीलगतच्या रांगेस स्वतंत्र बटण असावे, म्हणजे तेथे ऊन आले असता आतील टेबले अंधारात पडणार नाहीत. बाहेरच्या उजेडाप्रमाणे दिवे मंद करणारी यंत्रे आपल्या अंधाऱ्या जागेत फारसे वाचविणार नाहीत. माणसाची चाहूल लागताच दिवा लावणारा सेन्सर मात्र दप्तराच्या खोलीत व जिन्यात उपयोगी पडेल. टेबलावर तो नको. स्थिर बसून लिहिणाऱ्यास तो अनुपस्थित समजतो! भिंतींना पांढरा रंग द्यावा व दिव्यांवरील धूळ पुसावी, हे तर विनायंत्राचे काम.

बंधुभगिनींनो, रिकाम्या खोलीतील दिवा मालवणे ही काटकसर; काम करणाऱ्याच्या डोक्यावरील दिवा मालवणे हा अन्याय. नव्या दिव्यांनी वाचेल ती रक्कम शिष्यवृत्तिनिधीस द्यावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.