मध्यम गुणांचा विद्यार्थी आणि महाविद्यालयाची निवड

(चंद्रपूर येथे विद्यार्थी व पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांत दोन प्रकारच्या मुलांची चर्चा होते. नव्वद टक्के मिळविणाऱ्याला हार घातला जातो, नापास झालेल्याची कीव केली जाते. पन्नास-पंचावन्न टक्के मिळविणारा मुलगा मात्र कोणाच्याच हिशेबात नसतो. मला आज त्याच्यासंबंधी व त्याच्या आईबापांशी बोलावयाचे आहे.

पूज्य बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. म्हणजे ३८ टक्क्यांच्याही आत. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात असताना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली आणि १९१२ साली ते बी. ए. झाले. यावरून अभ्यास न करण्याची सवलत कोणी घेऊ नये. माझे म्हणणे एवढेच की, त्या मुलाला महाविद्यालयात एक जागा आणि फीपुरता पैसा या दोन गोष्टी वेळेवर मिळाल्या. आपल्या मुलासाठीही याच दोन गोष्टी शोधावयाच्या आहेत. महाविद्यालयाचे नाव किती मोठे, हा प्रश्न त्यानंतरचा.

नागपूर-पुण्याशिवाय शिक्षण नाही, हा समज प्रथम सोडला पाहिजे. २०११ साली गोंडवाना विद्यापीठ गडचिरोली येथे स्थापन झाले. तोपर्यंत चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत होती. आज चंद्रपूरला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, विधि महाविद्यालय आहे, दीक्षाभूमीच्या आवारात डॉ. आंबेडकर महाविद्यालय आहे. ब्रह्मपुरी व गडचिरोली येथे शासकीय तंत्रनिकेतने आहेत. वरोऱ्याला आनंद निकेतन आहे. गडचिरोलीस शासकीय विज्ञान महाविद्यालय आहे. नागपुरात खोलीभाड्यासाठी बापाने शेत गहाण टाकावे आणि मुलाने दुसऱ्या वर्षी घरी परत यावे, यात कोणती प्रतिष्ठा आहे?

गुणांच्या अटी आपण समजतो तेवढ्या कठोर नाहीत. अभियांत्रिकीस बारावीच्या ठराविक विषयांत खुल्या वर्गाला ४५ व राखीव वर्गाला ४० टक्के लागतात. पाच वर्षांच्या विधि अभ्यासक्रमास खुल्या वर्गासाठी ४५ व अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्क्यांची अट आहे. तंत्रनिकेतनाची पदविका तर दहावीच्या ३५ टक्क्यांवरही पात्रता देते, आणि ती पूर्ण केलेला विद्यार्थी पुढे अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षास जाऊ शकतो. बारावी विज्ञानात रखडणाऱ्या मुलासाठी हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो. मात्र पात्रता म्हणजे प्रवेश नव्हे. म्हणून गेल्या वर्षी आपल्या प्रवर्गात शेवटचा प्रवेश किती गुणांवर झाला तो आकडा पाहावा, आणि पसंतीक्रमात थोडी वरची, आपल्या बरोबरीची व हमखास मिळणारी अशी सर्व तऱ्हेची नावे भरावीत. दोनच मोठी नावे लिहून स्वस्थ बसणारे पालक मी दरवर्षी पाहतो.

अभियांत्रिकी, विधि, आणि २०२४ पासून बी.बी.ए. व बी.सी.ए. यांनाही सामाईक प्रवेश परीक्षा आहे. तिचे अर्ज बारावीच्या निकालाआधीच भरावे लागतात. निकाल पाहून ठरवू म्हणणाऱ्याचे दार तेव्हा बंद झालेले असते.

आता माझ्या व्यवसायातील गोष्ट. आमच्याकडे येणारी मुले गुणांपेक्षा कागदांनी अधिक अडलेली असतात. व्यावसायिक अभ्यासक्रमात राखीव जागा हवी तर जातवैधता प्रमाणपत्र लागते. ते २००१ च्या २३ व्या महाराष्ट्र अधिनियमाखाली पडताळणी समिती देते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० व अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा जातीचा व वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. जंगलातल्या ज्या गावी त्या काळी शाळाच नव्हती, तेथील माणसाने आजोबांचा दाखला कोठून आणावा? अशा वेळी कोतवालाच्या जन्ममृत्यू नोंदी व महसुली अभिलेख धुंडाळावे लागतात. तेथे जिल्हा चांदा असे लिहिलेले असते. गडचिरोली जिल्हा १९८२ साली निराळा झाला, हे अर्जातच स्पष्ट लिहावे. म्हणजे कारकुनाची एक हरकत कमी होते.

आपल्या घरांत आणखी एक गुंता आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी याच चंद्रपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. त्यानंतर पुष्कळांच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात केवळ ‘बौद्ध’ अशी नोंद आहे. आजोबांच्या दाखल्यावर ‘महार’ असते. ही विसंगती नव्हे, तो इतिहास आहे. १९९० साली संसदेने कायदा दुरुस्त करून बौद्धांना अनुसूचित जातींत स्थान दिले. म्हणून धर्मांतरापूर्वीची जातीची नोंद व नंतरची बौद्ध नोंद असे दोन्ही कागद जोडावेत आणि धर्मांतरितांसाठी असलेल्या नमुन्यातच प्रमाणपत्र घ्यावे. हे काम मूल अकरावीत असतानाच सुरू करावे.

दलालांपासून सावध राहा, हे मी निक्षून सांगतो. ‘व्यवस्थापनाची जागा देतो, शिष्यवृत्तीचे नंतर पाहू’ असे ते म्हणतात. व्यावसायिक अभ्यासक्रमात व्यवस्थापन कोट्यातून गेलेल्यास शासनाची शिष्यवृत्ती मिळत नाही. ती केंद्रीय प्रवेश फेरीतून आलेल्यास मिळते. एका विद्यार्थिनीने अशा जागेवर प्रवेश घेतला आणि दोन महिन्यांनी सोडू लागली, तेव्हा महाविद्यालयाने तिचे मूळ दाखले अडवून ठेवले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे कोणतीही संस्था मूळ दाखले अडवू शकत नाही. त्या अधिसूचनेचा उल्लेख असलेली एक नोटीस गेली आणि दाखले परत आले.

वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्या अर्जाबरोबरच करावा. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आहे. दोहोंच्या अटी आधीच वाचाव्यात. भामरागड-सिरोंच्याकडील पालकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. प्रवेशफेऱ्या ऐन पावसाळ्यात येतात आणि पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. मुलाने फेरीच्या दिवसांत गडचिरोलीस किंवा चंद्रपुरास नातेवाइकांकडे येऊन राहावे, आणि मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बरोबर ठेवावेत.

ज्यांच्या वैधतेच्या प्रकरणात समितीने त्रुटी काढली असेल त्यांनी सभेनंतर ते पत्र मला दाखवावे. उत्तराची मुदत किती दिवस उरली आहे, तेवढे प्रथम पाहू.