एकाच अंगावर सोरायसिस आणि कोड

कोपरांवर, गुडघ्यांवर सोरायसिसचे लाल चट्टे, त्यांवर चंदेरी पापुद्रे. आणि त्याच माणसाच्या बोटांवर, ओठांभोवती कोडाचे पांढरे डाग. असे रुग्ण थोडे असतात, पण असतात. यांपैकी एक आजार असेल, तर दुसरा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.

कारण दोन्हींत बिघडते ती शरीराची प्रतिकारयंत्रणा. सोरायसिसमध्ये तिच्या चिथावणीने त्वचेच्या पेशी भराभर वाढतात. एरवी महिनाभर चालणारं काम आठवड्याच्या आत उरकतं आणि पापुद्रे साचतात. कोडात तीच यंत्रणा त्वचेला रंग देणाऱ्या पेशी मारते. दोन्ही आजार स्पर्शाने पसरत नाहीत. माशांवर दूध प्यायल्याने कोड होतं, हाही गैरसमजच.

जर्मन त्वचारोगतज्ज्ञ हाइनरिख कोबनर यांनी १८७०च्या दशकात एक गोष्ट नोंदवली: सोरायसिसच्या रुग्णाला जिथे खरचटतं, तिथे नवा चट्टा उठतो. कोडातही असंच घडतं. म्हणून खाजवणं, अंग खसाखसा घासणं, कमरेला काचणारी नाडी, हे सगळं टाळा.

मात्र प्रत्येक पांढरा डाग कोडाचा नसतो. सोरायसिसचा चट्टा बरा झाल्यावर तिथली त्वचा काही काळ फिकी दिसते आणि रंग हळूहळू परततो. अंधाऱ्या खोलीत वूड्स दिव्याच्या अतिनील प्रकाशाखाली कोडाचा डाग लख्ख निळसर-पांढरा दिसतो. त्यावरून डॉक्टरांना फरक कळतो.

उपचारांत एक सोय आहे. नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे सुमारे ३११ नॅनोमीटरचे अतिनील किरण, दोन्ही आजारांवर वापरतात. पण एक धोकाही आहे. वेगाने पसरणाऱ्या कोडासाठी कधी स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. सोरायसिस असलेल्याने त्या घेऊन अचानक थांबवल्या, तर सोरायसिस उसळू शकतो, कधी अंगभर पूही धरतो. कोडावर बावचीचं तेल लावून उन्हात बसलं, तर त्वचा भाजते आणि त्या जखमेतून नवे चट्टे उठू शकतात.

लग्न जमणार नाही या भीतीने अनेक घरांत कोड लपवलं जातं, डॉक्टरांपासूनसुद्धा. मग औषध अर्ध्याच माहितीवर ठरतं. म्हणून त्वचारोगतज्ज्ञांना दोन्ही आजार दाखवा, चालू असलेलं प्रत्येक औषध सांगा. आणि घरच्यांनो, त्या माणसाला आपल्या पंगतीत, आपल्या शेजारी बसवा. त्यात तुम्हाला कसलाही धोका नाही.