मिळून करावयाचा अभ्यास

चार-पांच विद्यार्थ्यांवर एकच काम सोंपविलें, कीं बहुधा एखादाच रात्रीं जागून तें पुरें करतो; बाकीचे नांवापुरते भागीदार. १९७१ सालीं अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत, ऑस्टिन शहरीं, एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञापुढें याहून बिकट प्रश्न होता. गोरीं, काळीं व मेक्सिकन वंशाचीं मुलें शाळांतून नुकतींच एकत्र आलीं होतीं, आणि त्यांच्यांत वैर माजलें होतें.

त्यानें धड्याचे तुकडे करून गटांतील प्रत्येकास एकेकच दिला. तोच तुकडा मिळालेलीं निरनिराळ्या गटांतील मुलें आधीं एकत्र बसत, त्याचा अभ्यास करीत, आणि मग आपल्या गटांत परतून तो समजावून देत. परीक्षा मात्र साऱ्या धड्यावर, आणि ज्याची त्यानें द्यावयाची!

इंग्रजी अडखळत बोलणाऱ्या एका मेक्सिकन मुलाची सोबत्यांनीं थट्टा आरंभिली. देखरेख करणाऱ्यानें रागें न भरतां, परीक्षा जवळ आली आहे, एवढीच आठवण दिली. त्या मुलाचा तुकडा गटांत दुसऱ्या कोणापाशींच नव्हता. हळूहळू सोबती त्यास नेमके प्रश्न विचारूं लागले, आणि तोहि धीटपणें उत्तरें देऊं लागला.

एकहातीं काम उरकण्याची संवय झालेल्या हुशार मुलास ही रीत प्रथम रुचत नाहीं. सगळा धडा त्याच्याच हातीं देण्याचा मोह तेव्हां शिक्षकास आवरावा लागतो.